आठवड्याची एक गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. दरवर्षी या दिवशी मी मागे राहून चहा-चिवड्याचे पाहते. परंतु यंदा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, की तुमच्या हातांचे काय झाले ते सर्वांना सांगाच. म्हणून उभी राहिले आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात आपल्या नागपुरात चिकुनगुन्याने किती छळले, ते आपण विसरला नसाल. त्याच दिवसांत माझी बोटे आखडू लागली. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नसे. कणीक मळताना डोळ्यांत पाणी येई. मला वाटले, हाही तोच प्रकार. मला ताप आलाच नव्हता, हे ध्यानातच आले नाही. दुकानातून दुखण्याची गोळी आणून खाई. पुढे कोणी सांगितले म्हणून एकाकडून पुड्या आणल्या. काय सांगू! आठ दिवसांत हात मोकळे झाले. चेहरा भरला. शेजारणी म्हणाल्या, "बाई, तब्येत सुधारली हो!" ती तब्येत नव्हती, सूज होती. रक्तातली साखरही वाढली.

शेवटी वन्संनी मला ओढतच मेडिकलमध्ये नेले. मी लाजत लाजत पुडी दाखवली. डॉक्टर म्हणाले, यात स्टिरॉइड असावे. पण एकदम बंद करू नका, त्यानेही अपाय होतो. त्यांनी ते हळूहळू उतरवले.

स्टिरॉइड हे काही विष नव्हे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये, म्हणजे आपले मेयो नव्हे, डॉक्टर हेंच यांनी संधिवाताने खिळलेल्या एका बाईला कॉर्टिझोन दिले आणि ती थोड्याच दिवसांत चालू लागली. १९५० साली त्यांना व आणखी दोघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण फार दिवस घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, हेही पुढे कळले. ते डॉक्टरांच्याच हातात शोभते, पुडीत नव्हे.

माझा आजार आमवाताचा. यात शरीराचे रक्षण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा आपल्या बायकांत तो पुष्कळ अधिक. म्हातारपणी गुडघे झिजतात, ते वेगळे. तेथे व्यायाम, वजन उतरवणे आणि लागेल तेवढीच दुखण्याची गोळी. अंगठा लाल होऊन ठणकतो तो गाऊट. त्यात युरिक ॲसिड कमी करणारे औषध देतात. दुखणे एकसारखे वाटले तरी औषध एक नसते. शेजारणीची गोळी आपल्याला चालेलच असे नाही.

मला मेथोट्रेक्सेट दिले. आपल्या भीमावरमचे डॉक्टर यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या संशोधनाचे प्रमुख होते, त्यातून ते निघाले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची. बाकीच्या दिवशी फॉलिक ॲसिड. दोन्ही लहान, दोन्ही पिवळ्या, आणि पट्टीवर सारे इंग्रजी! डॉक्टरांनी नीट सांगितले होते, चूक माझीच. मी उलट केले. चार दिवसांत असे तोंड आले की पाणी गिळवेना. धावत गेलो. त्यांनी गोळी थांबवली, रक्त तपासले, उपचार केले. ही चूक जिवावरही बेतू शकते, असे ते म्हणाले, तेव्हा माझे पाय लटपटले.

आता दोन वेगळे डबे आहेत. एकावर मुलीने मराठीत मोठ्या अक्षरांत "सोमवार" लिहिले आहे. घेतली की कॅलेंडरवर खूण करते. या गोळीचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, तेवढा धीर हवा. वेळच्या वेळी रक्त तपासावे. मूल हवे असेल किंवा दिवस गेले असतील त्यांनी ही गोळी मुळीच घेऊ नये. डॉक्टरांना आधी सांगावे. आणि दुखण्याच्या गोळ्या रोज मनाने खाल्ल्यास पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडते.

सकाळी अर्धा-पाऊण तासाहून अधिक बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर "कामाने होते" म्हणून अंगावर काढू नका. वाकडे झालेले बोट औषधाने सरळ होत नाही. माझे एक राहिलेच आहे वाकडे.

असो. यंदाच्या हळदीकुंकवाचे तिळाचे लाडू मी याच हातांनी वळले, ते आपण खाल्लेच आहेत. चुकले-माकले क्षमा करावी.