तांब्याची परतवाट



विज्ञान प्रदर्शनातील विद्यार्थ्याचा पंप-नियंत्रक मोटर सुरू होताच बंद पडतो आणि बोल मात्र त्याच्या प्रोग्रॅमला लागतो. दोष पुष्कळदा सर्किट बोर्डाच्या आखणीत असतो. पृष्ठभागावर डाख देऊन बसविलेला ‘०६०३’ मापाचा कपॅसिटर जेमतेम १.६ मिलिमीटर लांब. अशा दाटीत तांब्याच्या वाटा काढताना खालचा ग्राउंडचा थर चिरला जातो. परंतु प्रवाहाला परतावेही लागते, आणि वेगवान संकेताचा प्रवाह आपल्या वाटेच्या नेमका खालून परततो. चीर आडवी आली की त्याला वळसा पडतो. तो वळसा अँटेनाप्रमाणे मोटरीचा विद्युत-गोंगाट टिपतो. म्हणून प्रथम कपॅसिटर चिपच्या वीजपुरवठ्याच्या पिनेला खेटून बसवावा, मगच वाटा आखाव्यात. संगणकाच्या स्वयंचलित आखणीवर मी तरी विसंबणार नाही. बोर्ड बनविण्यास पाठविण्यापूर्वी खालचा थर पडद्यावर स्वतंत्रपणे तपासावा.