अडलेला घास आणि डॉ. खानोलकरांचा प्रश्न



अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, आयुष्यभर मुकाट्याने राबणारी नळी. तिचा स्वभाव सोशिक. आत गाठ वाढू लागली तरी ती ताणली जाते आणि अन्नाला वाट करून देते. भाकरीचा घास अडू लागतो, तोवर रोगाने बहुधा बरीच मजल मारलेली असते. पुढे मऊ भात अडतो, अखेरीस पाणीही. म्हणूनच या कर्करोगावर उपचार कोणता, या प्रश्नाइतकाच तो होतो कशाने, हा प्रश्न मोलाचा आहे. हा प्रश्न आपल्याच माणसांना शास्त्रशुद्ध रीतीने विचारणाऱ्या संशोधकाचे आज स्मरण करावयाचे आहे. ते म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

त्यांचा जन्म १८९५ साली क्वेट्टा येथे झाला. लंडन विद्यापीठात विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते स्वदेशी परतले आणि मुंबईत अध्यापन करू लागले. १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी स्वीकारली. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक.

१९५० साली डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांचे नाते ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. पण मुंबईच्या रुग्णालयातील चित्र वेगळे होते. येथे मुख, घसा आणि अन्ननलिका यांचे रुग्ण मोठ्या संख्येने येत. आपल्याकडे तंबाखू ओढली जाते तशी चघळलीही जाते. सिगारेटहून विडी अधिक. तेव्हा परक्या देशाचे निष्कर्ष उसने घेऊन भागणारे नव्हते. डॉ. एल. डी. संघवी, डॉ. के. सी. एम. राव आणि डॉ. खानोलकर यांनी रुग्णांच्या सवयी नोंदविल्या, त्या रोग नसलेल्यांच्या सवयींशी ताडून पाहिल्या आणि १९५५ साली त्याच नियतकालिकात पचनमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. चघळण्याचा संबंध मुख्यतः मुखाच्या पोकळीशी, तर धूम्रपानाचा घशाच्या मागील व खालच्या भागाशी अधिक, असे त्यातून दिसले. विष जेथे टेकते, तेथे घाव करते.

ही वाट पुढे रुंदावली. १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९६८ साली डॉ. पेमास्टर, डॉ. संघवी आणि गंगाधरन यांनी पश्चिम भारतातील पचनमार्गाच्या कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. डॉ. जस्सावाला आणि देशपांडे यांच्या १९७१ च्या निबंधाने तंबाखू चघळणारे व ओढणारे या दोघांचाही धोका तपासला. त्यात अन्ननलिकाही होती. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त पान-सुपारीमुळे अन्ननलिकेचाही कर्करोग होतो, असे नोंदविले; नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरविली. २०१६ साली याच संस्थेने ६५ अंश सेल्सियसहून अधिक उष्ण पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण मानली. दोष चहाचा नव्हे, चटक्याचा.

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु कायदा दुकानाच्या दारापर्यंत पोहोचतो. घरातल्या मिश्रीच्या डबीपर्यंत पोहोचत नाही. तेथे कार्यकर्त्यालाच जावे लागेल. आपण घरोघर संपर्काला जातो, चहा घेतो, मुलांच्या शिक्षणाची चौकशी करतो. त्याच आपुलकीने घरातल्या काकांना, आजींना आणखी एक विचारावे: गिळताना घास अडतो का? वजन उतरते आहे का? उत्तर होकारार्थी आले, तर काढे आणि आम्लपित्ताच्या गोळ्या यांत महिने न दवडता दुर्बिणीने तपासणी करून घेण्यास त्यांच्यासोबत जावे.

डॉ. खानोलकर १९७८ साली निवर्तले. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: तुम्ही काय चघळता, काय ओढता, किती वर्षे? प्रयोगशाळेने त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे. आता ते प्रत्येक घरात पोहोचविण्याचे काम आपले.