पूर्ववत म्हणजे काय?

(वस्तीतल्या युवक शिबिरात आरोग्याच्या प्रश्नावर केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालोय. धक्क्यावर माल चढवतो-उतरवतो आणि रात्री जमेल तशी कविता लिहितो. करोनानंतर आरोग्यसेवा कशा सावरल्या ह्यावर खुर्चीवाले पुष्कळ बोलले. आज रांगेत उभा राहणारा माणूस बोलणार आहे.

एकच शब्द धरतो. पूर्ववत. साथ ओसरली आणि कागद निघाले, 'सेवा पूर्ववत सुरू झाल्या.' लसीकरण पूर्ववत. क्षयरोग तपासणी पूर्ववत. वाचणाऱ्याला वाटतं, चला, सुटलो. मला धक्क्यावरची भाषा कळते, म्हणून मी हा शब्द धक्क्यावर नेऊन तपासला.

समजा, बंदर आठ दिवस बंद पडलं. तेवढ्यात आलेली जहाजं काय परत जातात? नाही. समुद्रात नांगर टाकून रांगेत उभी राहतात. काम सुरू झालं की आधी ती रांग उपसावी लागते. टोळीला डबल पाळी पडते, अंगातलं पाणी निघतं. कुठलाही मुकादम म्हणत नाही, 'आजपासून येईल तेच जहाज खाली करा, मागची गेली खड्ड्यात.' का म्हणत नाही? कारण उभ्या जहाजाचं डॅमरेज लागतं. दिवसागणिक पैसा जातो, आणि तो मालकाचा असतो.

आरोग्यसेवा बंद पडली तेव्हाही डॅमरेज लागलं. फक्त ते मालकाच्या खिशातून गेलं नाही. ते आपल्या फुप्फुसातून गेलं.

आकडे ऐका. 2019 साली देशात क्षयाचे सुमारे 24 लाख रुग्ण नोंदले गेले. 2020 साली सुमारे 18 लाख. म्हणजे सहा लाख कमी. क्षय कमी झाला का? घंटा! क्षय तिथंच होता, शोधणारे हात तिथून उठले होते. दवाखान्यातली माणसं करोनाच्या कामाला लावली. बेडक्यातला क्षय तासा-दोन तासांत दाखवणारं यंत्र करोनाच्या तपासणीला जुंपलं. गाड्या बंद, रोजगार बंद, बाहेर पडलं तर पोलिसाची काठी. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की दहा वर्षांहून जास्त काळ घटत आलेले क्षयाचे मृत्यू 2020 साली पुन्हा वाढले. आणि तीच संघटना सांगते, औषधाविना राहिलेला क्षयाचा माणूस वर्षभरात पाच ते पंधरा जणांना रोग देऊ शकतो.

आमच्या टोळीतल्या एका गड्याला 2020 च्या मे महिन्यात खोकला लागला. तो एका दवाखान्यात गेला. करोना नाही म्हणाले, आणि वाटेला लावला. खोकला कसला आहे ते कुणी विचारलं नाही. महिन्याभरानं परत गेला तर खिडकी बंद. डिसेंबरात रक्त पडलं तेव्हा क्षय सापडला. तोवर दहा बाय बाराच्या खोलीत बायकोला लागला होता आणि सात वर्षांच्या पोरीला. पुढे आकडेवारीत ही तीन माणसं तीन रुग्ण म्हणून लागली. मे महिन्यात खिडकी उघडी असती तर एकच लागला असता. ते दोन जीव म्हणजे डॅमरेज.

2022 साली नोंद परत 24 लाखांवर आली. झालं, पूर्ववत! 2023 साली ती साडेपंचवीस लाखांपर्यंत चढली. ज्यांनी पुन्हा शोधायला सुरुवात केली त्यांच्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण उशिरा सापडलेला माणूस आणि वेळेवर सापडलेला माणूस कागदावर सारखाच दिसतो, एक. मधल्या काळात त्याच्या खोलीत काय झालं त्याचा रकाना कुठल्याच फॉर्मात नाही. मग 2024 च्या मार्चमध्ये केंद्राकडून औषधं वेळेवर येईनात, तेव्हा राज्यांना सांगितलं, तुमचं तुम्ही विकत घ्या. 2025 पर्यंत क्षयमुक्त भारत, अशी घोषणा होती. 2025 गेलं. क्षय आहे.

आता पोरांकडे या. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा अंदाज असा की भारतात त्रिगुणी लशीचा पहिला डोससुद्धा न मिळालेली बाळं 2019 साली 14 लाख होती, 2020 साली ती 30 लाख झाली. पुढं लसीकरण सुरू झालं. कुणासाठी? त्या दिवशी मांडीवर असलेल्या बाळासाठी. मधल्या काळात जी हुकली ती तोवर चालायला लागली होती, गटाराच्या कडेला खेळत होती. त्यांच्या मागं कोण गेलं? 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत गोवर फुटला. पोरं गेली. मग दिल्लीचं पथक आलं, मग घरोघरी मोजणी, मग पाच वर्षांपर्यंतच्या पोरांना जादा डोस. हे सगळं आधी करता आलं नसतं का? आणि वर पांढरपेशा शहाणपण काय, तर गोवंडीच्या आया अडाणी, लस टोचून घेत नाहीत. अरे, काही आया भ्यायल्या असतील. पण जिला दोन वर्षं लशीचं टेबलच दिसलं नाही, तिला अडाणी म्हणणारा तू कोण?

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या शहरात घर ना घर कसं शोधणार? दोस्तहो, ह्याचं उत्तर सरकारनंच देऊन ठेवलंय. 1 एप्रिल 2020 ला धारावीत करोनाचा पहिला रुग्ण सापडला. त्यानंतर धारावीची गल्ली न् गल्ली पालथी घातली. ताप मोजला, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं, शाळेत खाटा टाकल्या. जगानं वाहवा केली, आणि ती वाहवा खोटी नव्हती. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत सबंध महाराष्ट्रात दारोदार फिरले. म्हणजे येतं की! मग क्षयासाठी, गोवरासाठी ते पाय कुठं जातात? मला दिसतं ते सांगतो. करोना टॉवरची लिफ्ट चढत होता. क्षय आमच्या खोलीतच बसून राहतो. गोवंडीच्या पुनर्वसनाच्या इमारतींचा अभ्यास 2018 साली झाला. त्यात दिसलं की जिथं ऊन-वारा शिरत नाही तिथं क्षय जास्त. म्हणजे झोपडी तोडून दिलेलं घरसुद्धा आजाराचं. त्याची घाई वरच्यांना नाही.

आपल्या शहरात हे नवं नाही. 1896 साली प्लेग सापडला तो मांडवीत, गोदीच्या शेजारी, माल उतरतो तिथं. सरकारनं 1897 चा साथरोग कायदा केला, घरं धुंडाळली, सामान जाळलं. त्याच साथीत सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेतलं आणि यशवंतच्या दवाखान्यात नेलं. 10 मार्च 1897 ला त्याच प्लेगनं त्या गेल्या. दारात जाणं दोन प्रकारचं असतं. एक माणसाला उचलून फेकायला, एक उचलून वाचवायला. 2020 साली तोच 1897 चा कायदा पुन्हा काढला गेला. कायदा लगेच सापडतो. पाठ शोधावी लागते.

ती पाठ आज कुणाची आहे? आशाताईची. मुंबईत आरोग्य स्वयंसेविकेची. 2005 पासून आशा दारोदार फिरते आणि तिला नाव काय, तर स्वयंसेविका. पगार नाही, मोबदला. करोनात ती घरोघर फिरली. जून 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशांना संपावर जावं लागलं. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये कबूल झालेल्या वाढीचा जीआर निघावा म्हणून ह्याच बाया आझाद मैदानात उघड्यावर बसल्या होत्या. जिनिव्हात टाळ्या, आझाद मैदानात धूळ! सेवा पूर्ववत झाल्या त्या हिच्या पायांवर. आणि तिची बिनपगारी वेठही पूर्ववतच.

म्हणून मला पूर्ववत नको. पूर्वी होतं तेच तर आपल्याला मारत होतं.

मला मागची रांग उपसून हवी. 2020 आणि 2021 मध्ये हुकलेल्या पोरांची, अर्धवट औषध सुटलेल्यांची यादी वॉर्डावॉर्डात करा आणि त्यांच्या दारात जा. क्षयाच्या रुग्णाच्या घरातल्या प्रत्येकाला तपासा. औषधाचा साठा किती, ते दवाखान्याच्या भिंतीवर रोज लिहा. पोषणाचे महिन्याचे 1000 रुपये नोव्हेंबर 2024 पासून लागू आहेत, ते औषध चालू असताना हातात द्या, औषध संपल्यावर नको. आमची पाळी सुटल्यावरही दवाखाना उघडा ठेवा. आणि दारोदार फिरणाऱ्या बाईला कामगार म्हणा, कामगाराचा पगार द्या.

हे ते आपणहून करणार नाहीत. तेव्हा आपलं काम ऐका. ह्या रविवारपासून दोघादोघांनी एक एक गल्ली घ्या. प्रत्येक घरात पोराचं लसीचं कार्ड बघा, कुठला रकाना कोरा आहे ते वहीत लिहा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकणाऱ्याला सोबत घेऊन दवाखान्यात जा, एकट्याला पाठवू नका. एकट्याला वाटेला लावतात. चौघं उभे राहिले की खिडकी उघडते. आशाताईला आधी विचारा, तिला सगळं माहीत असतं. महिन्यानं त्या वह्या घेऊन वॉर्ड ऑफिसवर जाऊ.

वह्या मी आणल्यात. नावं नोंदवा.

जय भीम.