मुलाचे वय आणि अमेरिकेचा व्हिसा



पिंपळनेरसारख्या गावी पूर्वी लोक मास्तराकडे तार वाचून घ्यावयास येत. आता ते व्हिशाचे कागद घेऊन येतात. मुलगा अमेरिकेत गेला, यथावकाश तेथला नागरिक झाला. नातू मात्र आजीपाशीच वाढला, आणि आता त्यास बापाकडे न्यावयाचे आहे, अशी घरे खानदेशातही नवलाची राहिली नाहीत. ही मंडळी प्रथम विचारतात, ‘मास्तर, व्हिसा कोणता मागावा?’ माझ्या मते पहिला प्रश्न तो नव्हे. मुलाचे वय आज किती आहे आणि ते कोणत्या कागदावर लिहिले आहे, हा पहिला प्रश्न होय.

त्यातही आई किंवा बाप मुलाच्या जन्मापूर्वीच अमेरिकेचा नागरिक झालेला असेल, तर गोष्ट निराळी. त्या आई वा बापाने मुलाच्या जन्मापूर्वी त्या देशात एकूण ५ वर्षे, आणि त्यांपैकी २ वर्षे वयाच्या चौदाव्या वर्षानंतर, प्रत्यक्ष काढली असतील, तर विवाहित दांपत्याचे मूल भारतात जन्मले तरी सामान्यतः जन्मतःच तेथले नागरिक ठरते. अशा मुलास व्हिसा नकोच. वकिलातीत जन्माची नोंद करून पासपोर्ट घ्यावा.

बाप मागाहून नागरिक झाला असेल, तर त्याने आय-१३० नावाचा अर्ज तेथील सरकारकडे करावयाचा असतो. मूल अविवाहित आणि २१ वर्षांच्या आतले असेल, तर त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. एकविशी उलटली की रांग लागते, आणि ती काही वर्षांची असते. पूर्वी अर्ज कचेरीत पडून राही, तोवर मूल २१ वर्षांचे होई आणि सारे मुसळ केरात जाई. २००२ च्या कायद्याने हा अन्याय दूर केला. नागरिक बापाने अर्ज केला त्या दिवशीचे वय आता धरले जाते. लग्नाला मात्र हे संरक्षण नाही. अर्ज चालू असता मुलीचे लग्न लावले, तर ती या वर्गातून बाहेर पडते. चांगले स्थळ चालून आले की आपल्याकडे धीर धरवत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

सावत्र मूल असेल, तर आईबापांचे लग्न त्याच्या वयाच्या १८ वर्षांच्या आत झालेले असावे लागते. पुतण्याला वा भाच्याला ‘आपलेच मूल’ म्हणून नेता येत नाही. घरच्या घरी भटजी बोलावून केलेले दत्तकविधान तेथे पुरत नाही. त्यासाठी आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या वाटेनेच जावे लागते. ‘तूर्त पर्यटकाच्या व्हिशावर पाठवा, पुढचे पुढे पाहू’ असे सांगणारे हितचिंतकही भेटतात. कायम राहण्याचा बेत लपवून पर्यटकाचा व्हिसा घेणे म्हणजे सरकारपाशी खोटे बोलणे होय. त्या खोट्याचे फळ पुढे मुलालाच भोगावे लागते.

आणखी एक उंबरठा आहे तो १८ वर्षांचा. २७ फेब्रुवारी २००१ पासून अमलात असलेल्या कायद्याप्रमाणे, मूल १८ च्या आत कायम वास्तव्याचा व्हिसा घेऊन तेथे उतरले आणि नागरिक आईबापांच्या ताब्यात त्यांच्याजवळ राहू लागले, की ते आपोआप नागरिक होते. अठरा उलटले, तर त्यास इतरांप्रमाणे वर्षे मोजत बसावे लागते.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. आपल्या शाळांच्या रजिस्टरांत किती मुलांचा जन्म १ जूनला झालेला आहे, हे ज्याने पाहिले त्यास हसू येईल. पालकांना तारीख आठवत नसे, अथवा पहिलीसाठी वय काही महिन्यांनी अपुरे पडे. मग आम्ही मास्तर लोक १ जून लिहून मोकळे होत असू. आमच्या गल्लीतल्या अशाच एका नोव्हेंबरातल्या मुलाला मी पाच महिन्यांनी मोठा केला. पुढे त्याचा पासपोर्टही शाळेच्या दाखल्यावरच निघाला. बाप नागरिक झाला, अर्ज मंजूर झाला, आणि मुंबईच्या वकिलातीतील मुलाखतीची तारीख आली तेव्हा जून उलटून गेला होता. माझ्या अक्षराप्रमाणे मुलगा अठरा वर्षांचा झालेला, आणि खऱ्या वयाने सतरा!

त्याच्या आजीने मला काही दूषण दिले नाही, याचीच मला अधिक लाज वाटली. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदींत खरी तारीख सापडली. जन्मानंतर थोड्याच दिवसांत केलेली ती नोंद होती. तीवरून जन्मदाखला घेतला, शाळेतली नोंद शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्त करविली, मग पासपोर्ट नवा काढला. दरम्यान मुलाखत पुढे ढकलावी लागली. साक्री आणि धुळ्याच्या खेपा मी स्वतः घातल्या. ते माझे कर्तव्यच होते.

मुलगा ऑक्टोबरात गेला. अठरा पुरी व्हावयास तेव्हा तीन आठवडे उरले होते.