मंत्रिपद घ्यायचे कशासाठी, सोडायचे केव्हा?



निवडणूक जवळ आली की प्रत्येक बैठकीत एकच वाद निघतो: आपला माणूस सत्तेत पाठवायचा की नाही? या वादात उपयोगी पडेल अशी ब्राझील देशातल्या एका बाईची हकिकत आम्ही आज सांगणार आहोत.

मारिना सिल्वा यांचा जन्म १९५८ चा, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला, रबराचा चीक काढणाऱ्यांच्या घरातला. सालीला चीर देऊन चीक काढला तर झाड मरत नाही, वर्षानुवर्षे उत्पन्न देते. पण चीक विकायचा मालकाला, वाणसामान घ्यायचे मालकाच्याच दुकानातून आणि हिशेबाची वहीही मालकाकडे. ही सावकारी आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. सोळाव्या वर्षापर्यंत मारिनाबाईंना लिहितावाचता येत नव्हते.

पुढे गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडले जाऊ लागले. चिको मेंडेस यांच्या संघटनेतली माणसे बायकापोरांसह करवतींपुढे उभी राहू लागली. मारिनाबाई त्यांच्या सहकारी. डिसेंबर १९८८ मध्ये मेंडेस यांचा खून झाला. १९९० साली त्यांच्या नावाने जंगल राखीव झाले. जमीन सरकारची, चीक काढण्याचा हक्क तिथे राहणाऱ्यांचा.

१९९४ साली मारिनाबाई सिनेटवर निवडून गेल्या, २००३ मध्ये पर्यावरणमंत्री झाल्या. २००४ साली एका वर्षात २७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल गेले होते. उपग्रहाची पाहणी आणि जागेवर छापे असा कार्यक्रम त्यांनी लावला. २००८ पर्यंत तोड निम्म्याहून खाली आली. त्याच वर्षी जंगलाचे नियम न पाळणाऱ्या जमीनमालकांचे सरकारी कर्ज रोखण्याचे ठरले. बडे मालक खवळले, सरकारातही ओढाताण वाढली. मे २००८ मध्ये बाईंनी राजीनामा दिला.

मग पक्षाचे राजकारण. २०१० साली ग्रीन पार्टीतर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांना शंभरात सुमारे १९ मते पडली, २०१४ साली दुसऱ्या एका पक्षातर्फे २१. २०१३ साली त्यांनी ‘रेडे’ हा स्वतःचा पक्ष काढला. त्याला मान्यता मिळाली २०१५ साली. २०१८ मध्ये त्याच पक्षातर्फे उभ्या राहिल्या, तेव्हा शंभरात १ मत. २०२३ मध्ये त्या पुन्हा त्याच खात्याच्या मंत्री झाल्या.

चेहऱ्यावर आलेली मते अशी ओसरतात. मेंडेस यांच्या नावाच्या जंगलात अतिक्रमणे झाली, तरी हक्क टिकून आहे. तो गावोगावच्या संघटनेने मिळवला होता. मंत्रिपदाचा उपयोग झाला, कारण हातात ठरलेले काम होते आणि खुर्ची सोडायची तयारी होती.

म्हणून आमची सूचना अशी. उमेदवाराचे नाव सुचवण्याआधी प्रत्येक तालुक्याने दोन गोष्टी लिहून काढाव्यात: तो कोणत्या कामासाठी जाणार, आणि काय घडले की परत येणार. ज्याला दुसरी ओळ लिहिता येत नसेल, त्याला पाठवू नका. आणि तो गेला म्हणून गावची बैठक बंद करू नका.