घरच्या घरी होणारं डायलिसिस
(सोसायटीच्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात किडनीवर बोलायचं म्हणजे लग्नघरात औषधांचा विषय काढण्यासारखं आहे. पण पंचवीस वर्षांपूर्वी इथे चाळिशीत राहायला आलेले आज पासष्टीचे आहेत, आणि बऱ्याच घरांत शुगरची नाहीतर बीपीची गोळी चालू आहे. किडन्या निकामी होण्याची हीच दोन मोठी कारणं.

डायलिसिस म्हटलं की आपल्याला आठवतं ते हॉस्पिटलचं मशीन. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, दर वेळी चार तास. दुसरा प्रकार घरी होतो. पोटाच्या आतून एक पातळ अस्तर असतं, पेरिटोनियम. छोटं ऑपरेशन करून पोटात मऊ नळी बसवतात. त्या नळीतून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं आणि चार ते सहा तास राहू द्यायचं. रक्तातली घाण आणि जादा पाणी त्यात उतरतं. मग ते काढून नवी पिशवी लावायची. याला एक्स्चेंज म्हणतात. दिवसातून तीन-चार वेळा करायचं, दर वेळी साधारण अर्धा तास. हाताने केलं तर वीज लागत नाही, सुयाही टोचाव्या लागत नाहीत. १९७६ साली अमेरिकेत पोपोविच आणि मॉनक्रिफ यांनी ही कल्पना मांडली. हाँगकाँगमध्ये तर १९८५ पासून सरकारी व्यवस्थेत आधी हाच प्रकार देण्याचं धोरण आहे.

आपल्याकडे मात्र ऐकायला मिळतं, "पोटाचं डायलिसिस केलं की माणूस फार टिकत नाही." हे कुठून आलं? अनेकदा हाताची शीर मिळेनाशी झाल्यावर, किंवा हृदय इतकं अशक्त झाल्यावर की मशीन सोसत नाही, शेवटचा उपाय म्हणून हा प्रकार सुचवला जातो. म्हणजे सगळ्यात कच्ची मुलं एका वर्गात बसवायची आणि निकाल लागला की मास्तरांना नावं ठेवायची! एकंदरीत पाहिलं तर दोन्ही प्रकारांत आयुष्यमान साधारण सारखंच आहे. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत तर पोटाच्या डायलिसिसची बाजू थोडी सरस दिसते.

मग फरक कशाने पडतो? सगळ्यात आधी लघवीने. हसू नका. कॅनडा आणि अमेरिकेतल्या रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे २००१ साली पुन्हा तपासले गेले. ज्यांना दिवसाला २५० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर, लघवी जास्त होत होती, त्यांच्यात मृत्यूचा धोका ३६ टक्के कमी आढळला. म्हणून डायलिसिस सुरू झालं तरी उरलेली किडनी जपायची. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणायची नाही.

दुसरं जेवण. "किडनीचा पेशंट" म्हणून घरचे डाळ, अंडी सगळं बंद करतात. डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी करायला सांगितलेलं असतं, ते डोक्यात बसलेलं असतं. पण या प्रकारात पाण्यावाटे रोज पाच ते दहा ग्रॅम प्रथिनं निघून जातात, म्हणजे एक-दीड अंड्याइतकी. ती भरून निघाली नाहीत तर रक्तातलं अल्ब्युमिन उतरतं आणि माणूस खंगतो. किती खायचं ते आहारतज्ज्ञांना विचारा, शेजाऱ्यांना नको.

तिसरं, जंतुसंसर्ग. याची भीती बरोबरच आहे. अडीच वर्षांत एकापेक्षा जास्त वेळा होऊ नये, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात नीट धुतलेले. यात रोज चालढकल झाली की गडबड होते. निघालेल्या पाण्याची पिशवी छापील पेपरवर धरायची. अक्षरं वाचता आली नाहीत, पाणी गढूळ दिसलं, तर पोट दुखायची वाट न बघता ती पिशवी घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

वयाचं लोक फार विचारतात. वयापेक्षा नजर, हाताची पकड आणि घरात शिकलेलं माणूस महत्त्वाचं. पोटाची बरीच ऑपरेशनं झालेली असली किंवा मोठा हर्निया असला तर अडचण येते, ते डॉक्टर ठरवतील. आणि हे शिकते कोण? बहुतेक घरांत बायको किंवा सून. तिला ताप आला तर? म्हणून ट्रेनिंगला दोघांनी जावं, त्यातला एक पुरुष असावा, हे माझं स्पष्ट मत.

खर्च कमी नाही. पण प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ पासून या प्रकारासाठीही मार्गदर्शक सूचना आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

आता कमिटीसाठी. अशा घरात महिन्याला नव्वद ते एकशेवीस पिशव्या येतात, वजन दोनशे किलोच्या आसपास. खोके चार दिवस पॅसेजमध्ये दिसले तर लगेच नोटीस काढू नका, आणि सामान चढवायला लिफ्ट वापरू द्या. टाकी धुवायची असेल तर सूचना आदल्या संध्याकाळी फळ्यावर लावा, म्हणजे हात धुण्यापुरतं पाणी भरून ठेवता येईल.

आता विचारा काय विचारायचं ते.