यंत्रातला प्रोग्रॅम आणि आपली काळी जमीन
(चाकूर येथील शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मोबाईलवरून मोटार चालू करणारी पेटी आपल्याकडे आता नवी राहिली नाही. जमिनीतील ओल मोजून मोबाईलवर कळविणारी उपकरणेही येऊ लागली आहेत. दोन्हींच्या पोटात मायक्रोकंट्रोलर नावाची नखाएवढी चिप असते. तिने काय करायचे ते सांगणारा प्रोग्रॅम तिच्यात भरलेला असतो, त्यास फर्मवेअर म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी मी एक ओलमापक घेऊन सोयाबीनमध्ये बसविला. पावसाने ताण दिला, झाडे दुपारी माना टाकू लागली, तरी मोबाईलवर ‘ओल पुरेशी’ असेच येत होते! कारण साधे होते. आपल्या भारी काळ्या जमिनीत पीक सुकू लागते तेव्हाही मातीने वजनाच्या सुमारे 20 टक्के पाणी घट्ट धरलेले असते. रेताड जमिनीत भरपूर पाणी दिल्यावरही इतके टिकत नाही. यंत्रातले आकडे हलक्या जमिनीचे होते. ते बदलावेत तर फर्मवेअर बंदिस्त. पुढे विक्रेत्याने आपला सर्व्हर बंद केला आणि चांगली पेटी निकामी झाली.

मुक्त फर्मवेअरमध्ये ही अडचण येत नाही. कपाशीच्या संकरित वाणाचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. पण आपल्या परभणीच्या विद्यापीठाचा सोयाबीनचा एमएयूएस 71 हा सरळ वाण एकदा आणला की घरचे बियाणे राखता येते, शेजाऱ्यालाही देता येते. मुक्त फर्मवेअरचेही तसेच. प्रोग्रॅम उघडा असतो. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. नेदरलँड्सच्या थिओ अरेंड्स यांनी सुरू केलेले टास्मोटा याच प्रकारचे. ते भरले की उपकरण कंपनीच्या सर्व्हरवाचून चालते. इटलीत 2005 साली सुरू झालेल्या आर्डुइनोमुळे असे प्रोग्रॅम लिहिणे सोपे झाले, आणि 2014 साली शांघायच्या एका कंपनीने वाय-फाय असलेली ईएसपी 8266 ही स्वस्त चिप आणली.

आता कामाचे. संवेदक हवेत धरून आकडा लिहा, मग खुणेपर्यंत पाण्यात बुडवून लिहा. नंतर वाफशावर आणि पीक सुकू लागताना, अशा दोन वेळी आकडा घ्या व त्याच जागची माती काढा. ती वजन करून 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवा, पुन्हा वजन करा. आलेले आकडे फर्मवेअरमध्ये घाला. हे काम गावातला आयटीआय झालेला मुलगाही करील. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे आर्डुइनोचे धडे विनामूल्य आहेत. जमिनीला भेगा पडल्या की मात्र संवेदकाभोवती हवा शिरते आणि आकडा खोटा येतो. तेथे कोणताच प्रोग्रॅम उपयोगी नाही. माती दाबून संवेदक पुन्हा बसवावा.

मोटारीला जोडणी करताना चिपच्या रिलेने फक्त स्टार्टरची कॉइल चालवावी, मोटारीचा भार रिलेवर घेऊ नये. थ्री फेजचे काम वायरमनकडूनच करून घ्या. शेतात वाय-फाय नसते, तेव्हा सिमकार्डाचे मोडेम लागेल; जुने 2जी मोडेम असल्यास ती सेवा देणारेच सिम घ्या.

मी सोबत एक संच आणला आहे. ज्यांनी रानातले ढेकूळ आणले असेल, त्यांनी मंडपामागे यावे, आकडा लावून पाहू.